झील धरणारी माणसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दीड वर्षापासून ओपन माइक आणि छोट्या कविसंमेलनांत कविता सादर करते आहे. प्रत्येकजण आपली कविता म्हणतो आणि निघून जातो. ग्रुपवर 'वा, क्या बात' आणि फुलांचे गुच्छ येतात, प्रत्यक्षात कुणी कुणाचं नसतं. गेल्या महिन्यात मंचावर मधेच कविता विसरले, मागे बसलेले दोघे हसले. तेव्हापासून जायची हिंमत होत नाही. कवींचा एकमेकांना आधार असतो हे खरं आहे का? आणि गट धरला तर माणूस कंपूत अडकतो का?"

आधी त्या हसण्याबद्दल बोलते. समोरची व्यक्ती अडखळली म्हणून मंचावर बसलेला कवी हसला, तर त्याला मंचावर बसायचं कसं हेच अजून कळलेलं नाही. मी २७ वर्षं कविता सादर करते आहे. परभणी, जालना, नांदेड, लातूर हा माझा पट्टा, वर्षातून दोन-चारदा पुण्या-मुंबईकडे जाणं होतं. या २७ वर्षांत कविता कधीच विसरले नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही. घरात पाठ म्हणताना समोर भिंत असते. मंचावर तीनशे चेहरे असतात, आणि त्यातला एखादा उठून चालू लागला की जिभेवरची ओळ त्याच्यामागे निघून जाते.

मी पहिल्यांदा विसरले ते सेलू तालुक्यातल्या एका गावात, कोजागरीच्या कविसंमेलनात. मारुतीच्या पारासमोर ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून मंच केला होता. समोर सतरंज्या, बाजूला कढईत दूध आटत होतं. माझी चार कडव्यांची कविता. दुसरं कडवं संपलं आणि वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला मिनिटभर लागलं असेल. उजेड आला, माइक खरखरला, आणि तिसऱ्या कडव्याचा एक शब्द मला आठवेना. हाताला घाम सुटला. तेवढ्यात मागून एक घोगरा, मोठा आवाज आला, "वा, ताई! ते कडवं पुन्हा होऊ द्या. लाईट गेली त्या नादात आमचं ऐकायचं राहिलं." समोरूनही "होऊ द्या, होऊ द्या" सुरू झालं. मी दुसरं कडवं पहिल्यापासून म्हटलं, आणि त्याची शेवटची ओळ संपता संपता तिसरं आपसूक तोंडात आलं. लोकांना वाटलं, कडव्याला दाद मिळाली. मी विसरले होते हे गावात कुणालाही कळलं नाही.

ते गृहस्थ निवृत्त प्राथमिक शिक्षक होते, पासष्टीच्या पुढचे. दूध पिताना मी विचारलं, "गुरुजी, तुम्हाला कसं कळलं?" म्हणाले, "तुमची मान वर गेली. माणूस विसरला की आभाळात शोधतो." मग त्यांनी सांगितलं की तरुणपणी ते एका शाहिराच्या पथकात झीलकरी होते.

तुमच्या प्रश्नाचं माझ्यापाशी जे उत्तर आहे, ते या झीलकऱ्यापाशी आहे.

पोवाडा तुम्ही ऐकला असेल. शाहीर डफ घेऊन पुढे उभा असतो, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. मागे तुणतुणं, मंजिरी, ढोलकी, आणि दोघे-तिघे झीलकरी. शाहीर ओळ टाकतो, मागचे "जी जी रं जी" म्हणत ती उचलतात. ऐकणाऱ्याला ती सजावट वाटते. खरं तर तेवढ्या वेळात शाहीर श्वास घेतो, घसा ओला करतो, पुढचा चौक, म्हणजे पुढचं कडवं, मनात आणतो, समोरचे लोक कसे बसलेत ते पाहतो. तो चुकला तर झील लांबवायची, हे मागच्यांना सांगावं लागत नाही. कीर्तनातही तेच आहे. बुवा निरूपण करून थांबले की टाळकरी अभंगाचं चरण उचलतात, बुवांना उसंत मिळते. आपल्याकडे बोललेला, गायलेला शब्द शेकडो वर्षं असाच टिकला. कुणीही एकटं उभं राहत नव्हतं.

मग माइक आला, कविसंमेलन आलं, आता ओपन माइक आलं. कवी एकटा पुढे उभा राहू लागला आणि मागची झील गेली. एकट्या आवाजाची ताकद वेगळी असते, मला ती आवडते. पण झीलकऱ्याचं काम त्यामुळे संपलेलं नाही, ते आता मंचाखाली, मंचामागे, प्रवासात आणि घरी करावं लागतं. ते कुणाला नेमून दिलेलं नसल्यामुळे बऱ्याच ठिकाणी होतच नाही, आणि तुम्हाला जो कोरडेपणा जाणवतो तो यातूनच आलेला आहे.

जुन्या लोकांना हे बरोबर कळलं होतं. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे अशी मंडळी रविवारी चहाला जमत आणि नव्या कविता एकमेकांना ऐकवत. पुढे त्यांनी सभांमधून कविता गाऊन दाखवायचा पायंडा पाडला. त्या काळी हे नवं होतं, टिंगल झाली, आचार्य अत्र्यांनी विडंबनं लिहिली. एकटा माणूस त्या टिंगलीपुढे किती टिकला असता? रविवारच्या चहाला सात-आठ जण होते म्हणून काव्यगायन टिकलं, असं माझं मत आहे.

नंतर विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर हे तिघं गावोगावी गेले. तिघांची कविता किती वेगळी! विंदांचा खडा आवाज, बापटांचं नाट्य, पाडगावकरांची गाण्याकडे झुकणारी लय. एकाच संध्याकाळी हे तिघं एकमेकांशेजारी बसत आणि एकमेकांचं ऐकत. सोबतीसाठी एकसारखं लिहावं लागत नाही, हे त्यांच्याकडून घ्यावं. आणि सुरेश भट. त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली आणि होतकरू मुलांना ती पोस्टानं पाठवली. वृत्त कुठे तुटलं, काफिया म्हणजे यमक कुठे चुकलं, हे पत्रातून सांगत. आपल्या हातातली विद्या अशी वाटून टाकणं हीसुद्धा झीलच.

मात्र यात एक दुखरी गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊंची लेखणी, अमर शेखांचा पहाडी आवाज, गव्हाणकरांची जोड. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांनी मैदानं हलवली. मंचावरची एवढी भक्कम साथ दुसरीकडे क्वचितच सापडेल. तरी अण्णाभाऊंची शेवटची वर्षं गोरेगावात हलाखीत गेली, आणि १९६९च्या जुलैमध्ये ते गेले. पुढच्याच महिन्यात अमर शेख अपघातात गेले. ज्यांची गाणी लाखो लोकांच्या तोंडी होती, त्यांच्या घरातलं धान्य संपलं तेव्हा विचारायला पुरेसं कुणी नव्हतं. म्हणून मी आधार हा शब्द वापरते तेव्हा टाळ्यांच्या पलीकडचं बोलत असते. भाड्याचं, औषधाचं, रात्रीच्या मुक्कामाचं.

आता आम्ही काय करतो ते सांगते, कारण त्यातलं बरंचसं उद्यापासून करता येतं.

आमचा गट ९ जणांचा आहे, २००९ पासूनचा. एक एसटीत वाहक आहे, एक अंगणवाडी सेविका, एक कृषी केंद्रात हिशेब लिहितो, दोघे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासातून कवितेकडे आलेले, एक भीमगीतं गाणारा, एक गझल लिहिणारी, एक कीर्तनकारांच्या घरातला, आणि मी. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चार वाजता एका सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमतो. अध्यक्ष नाही, सचिव नाही, पावतीपुस्तक नाही.

बैठकीचा एक नियम आहे आणि तो आम्ही कडक पाळतो. कविता म्हणून झाल्यावर लगेच कुणी मत द्यायचं नाही. आधी प्रत्येकानं लक्षात राहिलेली एक ओळ किंवा एक शब्द म्हणून दाखवायचा, बस. कवीला तिथल्या तिथे कळतं की काय पोचलं आणि काय हवेत गेलं. मध्यंतरी वाहकानं तिकिटाच्या यंत्रावर लिहिलेली कविता म्हटली. बारा ओळींची. आम्हा आठ जणांपैकी सहा जणांनी एकच ओळ सांगितली, पाचवी. शेवटच्या चार ओळी कुणालाच आठवल्या नाहीत. तो काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात आला तेव्हा कविता आठ ओळींची झाली होती आणि ती पाचवी ओळ शेवटी गेली होती. 'फार छान' म्हणून आम्ही त्याला घरी पाठवलं असतं तर त्या चार ओळी तशाच राहिल्या असत्या. मंचावरची कविता वाचक मागे वळून पुन्हा वाचत नाही, ती एकदाच कानावरून जाते. म्हणून अशा कवितेला डोळ्यांपेक्षा कान देणारी माणसं लागतात, आणि तेच ग्रुपवर मिळत नाही. तिथे कविता कुणी ऐकलेलीच नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे आमची वही. लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानात उधारीला वापरतात तसली लांबट वही. रकाने हातानं आखलेले: तारीख, गाव, आयोजक, ठरलेलं मानधन, मिळालेलं मानधन, प्रवास, मुक्काम, शेरा. गटातला कुणीही कार्यक्रम करून आला की पुढच्या बैठकीत नोंद करतो. ही वही सुरू झाली त्यामागे माझंच एक पाकीट आहे. एका संस्थेनं ३,००० रुपये ठरवून बोलावलं होतं. कार्यक्रम झाला, शाल, नारळ, पाकीट. परतीच्या बसमध्ये उघडलं तर आत ५०१ रुपये. प्रवासालाच त्याहून जास्त गेले होते. मला लाज वाटली आणि मी घरीसुद्धा सांगितलं नाही. चार महिन्यांनी कळलं की आमच्यातल्या आणखी दोघांना त्याच ठिकाणी हेच पाकीट मिळालं होतं, आणि दोघांनीही लाजेनं तोंड मिटलं होतं. तिघंही गप्प राहिलो म्हणून तिघंही फसलो.

आता कुणाला बोलावणं आलं की आधी वही पाहिली जाते. कुठे ठरलं तेवढं मिळतं, कुठे प्रवासखर्च आधी पाठवतात, कुठे जेवण रात्री एक वाजता. नव्या मुलांना 'किती मागू?' हा प्रश्न सतत पडतो, आणि जुने लोक आकडा सांगत नाहीत. का सांगत नाहीत हे मला आजवर पटलेलं नाही. आकडा लपवल्यानं कवीचं काहीच भलं होत नाही, भलं होतं ते कमी देणाऱ्याचं.

वहीतला शेऱ्याचा रकाना प्रामुख्यानं आम्हा बायकांसाठी आहे. तुम्ही विचारलं नाहीत, पण तुम्हाला हे लागणार आहे. कविसंमेलन नऊला सुरू होणार असं पत्रिकेत असतं, ते साडेदहाला सुरू होतं, संपायला दीड वाजतो. त्या वेळी एसटी नाही. छत्रपती संभाजीनगरला कार्यक्रम असेल तर आम्ही परभणीकडच्या बायका पहाटेच्या देवगिरीची वाट पाहत स्टेशनच्या प्रतीक्षालयात बसलेलो आहोत. गावात असेल तर 'पाटलांच्या वाड्यावर सोय केली आहे' असं सांगतात, आणि तिथे आपण एकटीच असतो. म्हणून आमचा ठराव आहे: बाई एकटी मुक्कामी जाणार नाही. गटातल्या दोघी असतील, किंवा त्या गावातल्या कवीच्या घरी, त्याच्या आईकडे, बायकोकडे उतरायचं. आमच्याही घरी परगावचे कवी असेच उतरतात. माझ्या घरात एक जादा गादी आणि दोन पांघरुणं फक्त यासाठी आहेत. माझ्या सासूबाईंनी एकदा रात्री अडीच वाजता एका अनोळखी पोरीला पिठलं करून वाढलं, तिची कविता त्यांनी कधी ऐकलीही नव्हती. ती पोर आज मोठ्या मंचांवर असते. दिवाळीला सासूबाईंना फोन करते.

काही शेरे कडक आहेत. एखाद्या ठिकाणी निवेदकानं मंचावर घाणेरडी कोटी केली, एखाद्यानं 'पुढच्या कार्यक्रमाचं बोलू' म्हणून रात्री अपरात्री फोन केले, ते आम्ही लिहितो आणि आपसात सांगतो. तशा ठिकाणी पुरुष कवींनीही जायचं नाही असं ठरलेलं आहे. हे पाळायला त्यांना जड गेलं, मानधन सोडावं लागलं. दोघांनी सोडलं. आम्हा बायकांना गटाचा भरवसा वाटायला लागला तो तेव्हापासून.

पैशाचं म्हणाल तर आमची एक भिशी आहे, माणशी २०० रुपये महिना. २०२०च्या मार्चमध्ये सगळे कार्यक्रम एकदम बंद झाले. आमच्यातल्या बहुतेकांना पगार होता. भीमगीतं गाणाऱ्याला नव्हता. त्याचं वर्षाचं गणित एप्रिल-मेच्या जयंतीच्या कार्यक्रमांवर चालतं, आणि नेमके तेच महिने गेले. त्या वर्षी भिशीचा नंबर न काढता रक्कम त्याच्या घरी गेली, सलग पाच महिने. परतफेडीचा विषय आम्ही काढला नाही. पुढच्या वर्षी त्यानं स्वतःहून दुप्पट भरायला सुरुवात केली, ते आम्ही घेतलं, कारण न घेणं त्याला लागलं असतं. मदत ठेवायची तर अशी आधीपासून, थोडी थोडी साठवून. अडचण आल्यावर ग्रुपवर आवाहन टाकलं की माणसाचं नाव गावभर होतं आणि मदत घेणाऱ्याची मान खाली जाते.

कागदपत्रं हासुद्धा आधाराचाच भाग आहे. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे, आता ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं चालते. वयाची अट ५० वर्षं, दरमहा ५,००० रुपये. उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि वर्षानुवर्षं कला सादर केल्याचे पुरावे लागतात. इथेच आपले लोक अडतात. ज्या शाहिरानं चाळीस वर्षं डफ वाजवला, त्याच्याकडे एक कात्रण नसतं, एक पत्रिका नसते. आम्ही दर कार्यक्रमाची पत्रिका, फोटो, बातमी एका फायलीत ठेवतो, स्वतःची आणि एकमेकांची. वर ज्या गुरुजींचं सांगितलं, त्यांच्या पथकातल्या एका वृद्ध साथीदाराचा अर्ज आमच्यातल्या कृषी केंद्रवाल्यानं तीन चकरा मारून भरला. तुम्ही तरुण आहात, फोनवर कागद स्कॅन करता येतात, तेव्हा आसपासच्या दोन वयस्कर कलावंतांसाठी एवढं कराच.

आता कंपूचं. भीती खरी आहे. 'अहो रूपम्, अहो ध्वनिः' हा आजार आपल्या क्षेत्रात जुना आहे. तू मला बोलाव, मी तुला बोलावतो, आणि दहा वर्षं तेच बारा जण एकमेकांच्या मंचावर. गट आणि कंपू यातला फरक मी दोन खुणांवरून ओळखते. पहिली: गटात तुमची वाईट कविता वाईट आहे असं तोंडावर सांगणारं कुणी आहे का? दुसरी: मागच्या वर्षभरात तिथे कोणी नवं माणूस आलं का, आणि ते तुमच्याच आळीतलं, तुमच्याच जातीतलं होतं का? दुसरी खूण मला जास्त महत्त्वाची वाटते. आमच्या भागात जयंतीच्या मंचावर हजारो लोकांना बांधून ठेवणारे गायक-कवी आहेत. आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांचा वारसा चालवणारी माणसं. त्यांना 'साहित्यिक' कविसंमेलनाचं बोलावणं कित्येक वर्षं येत नाही. त्यांची रचना 'गाणं' आणि आपली 'कविता' अशी सोयीची वाटणी झालेली आहे. आमच्या गटातही पहिली तीन वर्षं असं कुणी नव्हतं, हे मान्य करायला हवं. तो आला आणि आम्हा सगळ्यांच्या कवितेला ठेका म्हणजे काय ते कळलं. त्याच्याकडून आम्ही शिकलो की ध्रुवपद दुसऱ्यांदा आलं की आवाज चढवायचा नाही, उतरवायचा, मग लोक स्वतःहून उचलतात.

स्पर्धांबद्दल एवढंच सांगते. शहरातल्या ओपन माइकवाल्या मुलांना स्लॅम, म्हणजे मंचावरची कवितेची स्पर्धा, ठाऊक असतं. शिकागोत मार्क स्मिथ नावाच्या बांधकाम कामगार कवीनं १९८६ साली ग्रीन मिल या क्लबात ते सुरू केलं, प्रेक्षकांतलेच पाच जण परीक्षक, शून्य ते दहा गुण. लोकांना कवितेकडे ओढायची ती युक्ती होती. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब याच कामाचे, आणि त्यात समोरच्या फडाशिवाय कार्यक्रमच उभा राहत नाही. सवाल टाकायला जवाब देणारा लागतो. स्पर्धा करा, जिंका. पण ज्यांच्याशी लढलात त्यांची एक ओळ पाठ करून घरी जा. कुणाची ओळ सादर केलीत तर नाव घेऊन करा. नाव पुसलेल्या कविता फॉरवर्ड होत राहतात, त्या दिसल्या की खाली कवीचं नाव लिहून पुन्हा पाठवणं हे आमच्या गटातल्या प्रत्येकाचं काम आहे. आपली नसली तरी, ओळखीची नसली तरी.

मंचावरच्या वागण्याचं थोडं सांगते, कारण तुमचा घाव तिथलाच आहे. कविसंमेलनात कवी ओळीनं मंचावर बसतात, म्हणजे लोकांना बोलणाऱ्याच्या जोडीला ऐकणारे आठ चेहरेही दिसत असतात. मागचा कवी मोबाइल पाहत असेल तर समोरची सतरंजीही मोबाइल काढते. म्हणून मंचावर फोन बंद, आणि ओळ आवडली तर आवाज काढून दाद. मुशायऱ्यात शेराची पहिली ओळ ऐकणारे उचलतात, मिसरा उचलणं म्हणतात त्याला, तीही एक झीलच. पाच मिनिटं दिली असतील तर पाचच मिनिटं घ्यायची. आपण पंधरा घेतली की रात्री एक वाजता रिकाम्या सतरंज्यांसमोर उभी राहते ती सगळ्यात नवी मुलगी. आणि पहिला नंबर नवख्याला देऊ नये. लोक अजून जागा धरत असतात, पोरं रडत असतात, माइक लागलेला नसतो. आमच्याकडे पहिला नंबर जुन्या, मुरलेल्या माणसानं मागून घ्यायचा अशी पद्धत आहे.

तुम्ही कुठून सुरुवात कराल? नऊ जण शोधू नका, दोन शोधा. मागच्या ओपन माइकमध्ये तुमची कविता चालू असताना ज्याची मान हलत होती असं कुणीतरी असेलच. त्याला जाऊन त्याची ओळ सांगा, जी तुम्हाला आठवते. तुमच्या कवितेबद्दल काही बोलू नका. जागा म्हणाल तर गावातल्या वाचनालयाला जानेवारीतच जाऊन विचारा. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम त्यांना करायचाच असतो आणि माणसं मिळत नसतात. तो तुम्ही तिघं उभा करून द्या, बदल्यात महिन्यातून एक रविवार हॉल मागा. आम्हाला आमचा हॉल असाच मिळाला.

आणि मंचावर परत जाताना कविता कागदावर घेऊन जा, घडी घालून, हातात. बघायची वेळ येणार नाही कदाचित, पण हाताला कागद लागला की मान वर जात नाही. सोबत त्या दोघांपैकी एकाला न्या आणि मंचाच्या डाव्या बाजूला, तुम्हाला दिसेल असं बसवा. त्याला एवढंच सांगून ठेवा की मी थांबले तर मोठ्यानं म्हण, "वा, ते कडवं पुन्हा होऊ द्या." दुसऱ्या दिवशी त्याची कविता असेल तेव्हा त्या जागी तुम्ही बसा.